अठरा नोटा

रविवार, ६ जुलै २०२५. आषाढ शुद्ध एकादशी.

रात्रीचे साडेनऊ. डोकं दुखतंय, उपासानं की उन्हानं कोण जाणे. यंदा पंढरपूर नाहीच, आणि आज भगवंताच्या देवळातही जाणं झालं नाही. बार्शीत राहून आषाढीला भगवंताचं दर्शन चुकलं, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. सकाळी साडेसहाला स्कूटर काढली तेव्हा हिनं दोनदा विचारलं, "रांगेला एवढ्या लवकर?" मी म्हटलं, येऊन सांगतो. आल्यावरही अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इथं.

काल दशमी. तिकडं पालख्या पंढरपुरात शिरत होत्या आणि आमची बँक चालू. दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा झाला सप्टेंबर २०१५पासून. त्याच्या बदल्यात बाकीचे शनिवार, जे पूर्वी अर्धे असायचे, ते पुरे दिवसाचे झाले. काल पहिला शनिवार. आता तिजोरीला चाव्या दोन. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे म्हणजे माझ्याकडे. दोघं समोर असल्याशिवाय ती उघडत नाही. माझी चावी घेऊ शकणारा गडी एकच, आणि त्यानं वारीची रजा माझ्या आधी टाकली. पूर्ण वारी नोकरीत मला कधी जमली नाही, पण वाखरीला जाऊन शेवटचा टप्पा चालायचा हा नेम होता. तो यंदा मोडला.

आठवडाभर मी त्यावर विनोद करत होतो. कुणी विचारलं की म्हणायचं, "आमचं यंदा सावता माळ्यासारखं. कॅश हाच विठ्ठल." लोक हसायचे. अरण इथून काही लांब नाही. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्याकडे आला, आणि आजही देवाची पालखी अरणला जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रजा न मिळालेल्या माणसानं सावतोबांचं नाव घेणं फार सोपं आहे. त्यांचं लक्ष मळ्यात होतं. माझं कुठं होतं ते पुढं येईलच.

संध्याकाळी पाचला कॅश बंद करायला घेतली. मोजली, तर नऊ हजार जास्त.

कमी आली तर खिशातून भरायची, हा धंद्याचा कायदा मला नवीन नाही. अठ्ठावीस वर्षांत चार वेळा भरलेत, एकदा तर अख्ख्या दिवाळीच्या बोनसला कात्री लागली. जास्त येते तेव्हा मात्र पोटात वेगळाच गोळा येतो. कमी म्हणजे आपण कुणाला तरी जास्त दिले. जास्त म्हणजे आपण कुणाचे तरी ठेवून घेतले. आणि तो माणूस आत्ता कुठंतरी बसून मोजतोय.

फरकाला नऊनं भाग गेला की आधी आकड्यांची उलटापालट शोधायची, हे मला पहिल्या वर्षी एका जुन्या अकौंटंटनं शिकवलं. ४५चे ५४, ७२चे २७, काहीही उलटं वाचलं तरी फरक नवाच्या पटीतच येतो. म्हणून दिवसभराची सगळी व्हाउचरं न चाळता फक्त काढायच्या स्लिपा घेतल्या आणि पाचव्या मिनिटाला ती हातात आली. रक्कम ५४,०००. मागं माझ्याच अक्षरात डिनॉमिनेशन: ५०० × ९०. म्हणजे ४५,०००. द्यायला हव्या होत्या एकशेआठ नोटा, दिल्या नव्वद. एकशेआठ. जपमाळेत तितकेच मणी. हा हिशेब डोक्यात आला आणि मला अगदी नको तेव्हा हसू फुटलं.

स्लिप भरणाऱ्या पोरानं ५४ जरा वाकडा काढला होता, हे खरं. पण खाली अक्षरी 'चोपन्न हजार' स्वच्छ लिहिलं होतं आणि कॅशियरनं अक्षरी रक्कम वाचायची असते. पोस्टिंग, म्हणजे खात्यावर रक्कम नोंदवणं, शेजारच्या टेबलावर होतं, तिथं बरोबर चोपन्न पडले होते. माझ्या स्क्रीनवरही चोपन्नच दिसत होते. मी नुसतं बटण दाबलं.

मॅनेजर म्हणाले, कॅमेरा बघून घेऊ. वयानं माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, मला काका म्हणतात. बारा चाळीसचं फुटेज लावलं. चॉकलेटी नऊवारीतली आजी खिडकीशी. मी मशीनमध्ये नोटा टाकतोय, मशीन नव्वद दाखवतंय. आणि मी? मी खाली बघतोय. ड्रॉवरमध्ये मोबाइल उभा करून ठेवलाय, त्यावर वाखरीचा व्हिडिओ. रजेवर गेलेल्या त्याच गड्यानं पाठवलेला, टाळ-मृदंग, पताका. आवाज बंद. पडद्यावर माझे ओठ हलताना दिसत होते, म्हणजे मी अभंगसुद्धा म्हणत होतो. आजीनं गठ्ठा घेतला, न मोजता पिशवीत टाकला आणि मला नमस्कार केला.

मॅनेजरांनी फुटेज थांबवलं. जरा वेळानं म्हणाले, "काका, तो व्हिडिओ मलाही पाठवा." बस्स. एवढंच. त्यापेक्षा मेमो दिला असता तर बरं.

एकनाथांची गोष्ट लहानपणापासून प्रत्येक कीर्तनात ऐकली. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचं काम त्यांच्याकडे होतं, एका पैची चूक लागेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी तंद्री, ती देवाकडे लावलीस तर? कीर्तनकार इथं थांबून आमच्याकडे बघतात आणि आम्ही माना डोलावतो. मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी हीच गोष्ट सांगितली, पण उलट्या बाजूनं: "देवाचं नंतर बघू. आधी पैची चूक सापडेपर्यंत बसायला शीक." वडील माळकरी नव्हते. किराणा दुकानात दिवाणजी होते आणि रोज दिवेलागणीला रोकड मेळ घातल्याशिवाय जेवत नसत. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला काल कळलं.

मागच्या वर्षी आम्हाला एका ट्रेनिंगला पाठवलं होतं. सकाळचं सत्र 'कामात अध्यात्म'. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, ग्राहकात ईश्वर पाहा. पाहुणे बोलले छान, खोटं कशाला बोलू. जेवणानंतरचं सत्र होतं, मुदत ठेव मोडायला आलेल्या वयस्कर ग्राहकाला विमा कसा घ्यायला लावायचा. ईश्वराला विमा. तेव्हा मी मागच्या बाकावर बसून फार हसलो होतो. काल फुटेज बघताना ते हसू आठवलं. मीही तेच तर केलं होतं. देव एका खणात, ग्राहक दुसऱ्या. फरक इतकाच की माझा देवाचा खण ड्रॉवरमध्ये होता.

आता नियम. जास्त आलेली रोकड रजिस्टरला नोंदवायची, संड्रीला म्हणजे बँकेच्या किरकोळ खात्याला टाकायची, तिजोरीत ठेवायची, ग्राहक आला की खात्री करून द्यायची. ते सगळं सात वाजेपर्यंत झालं. मॅनेजर म्हणाले, सोमवारी येतीलच त्या. नियमानं विषय संपला होता. फोन करू का, म्हणून खातं उघडलं तर नंबर पुतण्याचा. म्हातारीच्या खात्यात किती आहेत, तिनं किती काढले, हे पुतण्याला सांगायचा मला अधिकार नाही. आणि गावाकडं चुलत्या-पुतण्यात काय शिजत असतं ते बँकेत बसणाऱ्याला जास्त कळतं. फोन ठेवून दिला.

रात्री झोप नाही. पेरणी उरकलीय, सोयाबीन उगवलंय, खताचे दिवस. ती बाई आत्ता पिशवी उलटी करून बघत असणार.

गाव चौदा किलोमीटर. पैसे घेऊन जाता येत नव्हते, ते तिजोरीत. नुसती माहिती घेऊन निघालो. देवळावरूनच रस्ता, रांग पार वळणाच्या पुढं आलेली. ओळखीच्या दोघांनी हाक मारली, "या इथंच, आमच्या पुढं!" हात केला आणि तसाच पुढं गेलो. जिवावर आलं होतं, उगाच मोठेपणा कशाला.

घर वस्तीवर. पत्र्याची पडवी, दावणीला एक म्हैस. आजी दारातच ज्वारी पाखडत होत्या. माझी माळ बघून आधी "या माऊली" म्हणाल्या, मग चेहरा ओळखला. म्हटलं, "आजी, काल मी तुम्हाला नऊ हजार कमी दिले. चूक माझी. पैसे बँकेत आहेत, सोमवारी या आणि घेऊन जा."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं खूश होतील. त्या घरात बघायला लागल्या.

"रातच्याला तीनदा मोजले," त्या म्हणाल्या. "पिशवी खुंटीला टांगून म्हशीची धार काढाया गेले होते. घरात हीच." आवाज खाली आला. "बोलले मी तिला. नाही नाही ते बोलले."

आत सून चुलीपाशी बसली होती, पाठ आमच्याकडे. मुलगा पुण्याला कंपनीत, तेवढं कळलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पातेल्यात चमचा फिरत होता तो मात्र थांबला.

मी म्हटलं, "तुम्ही खिडकीशी मोजले असते तर तिथंच कळलं असतं." म्हटलं आणि जीभ चावली. चूक माझी आणि शिकवण त्यांना.

आजी म्हणाल्या, "मोजणार होते. पण गळ्यात माळ दिसली. म्हटलं, माळकरी माणूस, मोजायचं काय."

तुळशीची माळ घातली २००३ साली. मांसाहार सुटला, एकादशी आली, वाखरीचा नेम आला. हे सगळं माझं माझ्यापुरतं आहे असं मी धरून चाललो होतो. पलीकडून कुणी तिच्या भरवशावर नोटा न मोजता पिशवीत टाकत असेल, हे बावीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही. किती जणांनी तसं केलं असेल? कमी-जास्त जुळत आलं म्हणजे कुणाचं काही गेलं नाही असं आपण समजतो. पण एकाला पाचशे जास्त गेले आणि दुसऱ्याला पाचशे कमी, तरी संध्याकाळी कॅश बरोबरच जुळते. पैला पै.

तुकोबांनी वाट्याला आलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. बँकेतल्या माणसाला ती गोष्ट ऐकताना नेहमी जरा अस्वस्थ वाटतं, मला तर वाटतंच. काल-आजच्या हिशेबात ती आठवली एवढ्याचसाठी की बुडवून टाकण्यासारखं माझ्या हाती काहीच नव्हतं. कागद सगळे बरोबर होते. संड्रीची नोंद, मॅनेजरची सही, माझी सही.

चहा आला. सुनेनं कप माझ्यासमोर ठेवला, सोबत बशीत शेंगदाण्याचा लाडू, उपासाचा. मी उभाच राहिलो, हात जोडले, म्हटलं, "ताई, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं." दुसरं काय म्हणणार. तिनं पदर नीट केला. माझ्याकडे नाही, सासूकडे बघून बोलली.

"सोमवारी मी येणार संगं. मी मोजणार."

आजी गप्प. मग सुनेनं मला विचारलं, "कुठली खिडकी?"

"दोन नंबर," मी म्हणालो.