स्लाइस सुटला तो ग्रिपमुळे

गोल्फमध्ये माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने मारलेला चेंडू, कायम उजवीकडे वळायचा; यालाच स्लाइस म्हणतात. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर मी खेळते. तिथे फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, कडेला झाडी आहे, आणि निम्मे चेंडू त्या झाडीत जायचे. बॅकस्विंग छोटा कर, कंबर आधी वळव, मनगट सोडू नकोस, असे सल्ले भरपूर मिळाले, फरक काहीच पडला नाही.

शेवटी रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, सरांकडे गेले. त्यांनी दोन-चार फटके पाहिले आणि स्विंगबद्दल अवाक्षरही न काढता म्हणाले, "मॅडम, डावा हात दाखवा."

क्लबची, म्हणजे काठीची, मूठ माझ्या तळहातात होती. ती बोटांत हवी: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी. तळहातात धरली की मनगट मोकळं वळत नाही, आणि चेंडूवर येताना क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, उघडाच (उजवीकडे वळलेला) राहतो. आता वरून पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन सांधे दिसायला हवेत. अंगठा आणि तर्जनीतली खाच उजव्या खांद्याकडे हवी. उजव्या करंगळीचं काय करायचं, हाही प्रश्न होता. १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाणारी पकड बहुतेक जण घेतात, त्यात ती डाव्या हाताच्या बोटांवर टेकते. माझे हात लहान आहेत, म्हणून मी ती डाव्या तर्जनीत गुंतवते. अठरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेले जॅक निकलॉसही तसंच धरायचे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं!

नवी ग्रिप सुरुवातीला अगदी परकी वाटली. काही दिवस चेंडू उलट डावीकडे पळायचे. सर म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे, फेस बंद व्हायला लागला." घरी टीव्हीसमोर बसून मी नुसती क्लब धरायची आणि सोडायची. माझ्या मते खरा सराव हाच, कारण त्यात चेंडू कुठे जातोय याची धास्ती नसते.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी नकळत डावीकडे रोख धरत होते. त्यामुळे क्लब बाहेरून आत येतो, फेस त्या मार्गाच्या मानाने आणखी उघडा ठरतो आणि स्लाइस वाढतो. हे समजल्यावर पायांपुढे जमिनीवर एक क्लब आडवा ठेवून खांदे, कंबर, पाय त्याला समांतर लावायला लागले. चेंडूची जागाही बदलली. ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, सेव्हन आयर्न या मधल्या पल्ल्याच्या क्लबला जवळपास मध्यावर. चेंडू फार पुढे असला की खांदे आपोआप उघडतात.

ड्रायव्हर अजूनही थोडा उजवीकडे झुकतो, पण फेअरवेत राहतो. बिघडला की मी आधी डावा हात पाहते.