सात टाक्यांचा हट्ट : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या नोकरीत पावडर कोटिंगची गन धरायला शिकलो (लोखंडावर रंगाची कोरडी पावडर विजेच्या भाराने चिकटवायची आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की करायची, ते हे काम) आणि 2008 साली नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाला कोटिंग करून देणं, सुरू केलं. एक बॅच ओव्हन, पावडर मारायचा एक बूथ, एक सेकंडहँड गन आणि कोटिंगआधी माल बुडवायच्या सात टाक्या : डिग्रीसिंग (तेल काढणं), पाणी, डीरस्टिंग (गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग (कोट धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर), पाणी, पॅसिव्हेशन (त्या थराला गंजापासून पक्कं करणं). निम्मा गाळा टाक्यांनीच खाल्ला. लोक म्हणाले, तीन टाक्यांत भागतं की. मी ऐकलं नाही.

पहिलं नियमित काम दिलं ते वागळे इस्टेटमधल्या एका काकांनी. त्यांचा विजेच्या कंट्रोल पॅनेलचा कारखाना. माल घ्यायला स्वतः येत, खिशातला डीएफटी मीटर (कोटची जाडी मोजणारा) काढून पॅनेलच्या दरवाजाच्या चारही कोपऱ्यांत टेकवत. जाडी 60 ते 80 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत सापडली तरच चलनावर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही. त्या मीटरने आमच्या पोरांना जेवढं शिकवलं तेवढं मीही शिकवलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली. ओव्हन मोठा झाला.

2018 मध्ये मागच्या गल्लीत एकाने शेड टाकली. रेट आमच्या निम्म्यावर. ॲसिडमध्ये बुडवायचं, पाणी मारायचं, पुसून थेट बूथमध्ये. जाडी 35-40 मायक्रॉन. उन्हात उभ्या राहणाऱ्या फीडर पिलरलासुद्धा (रस्त्याकडेची विजेची पेटी) पॉलिएस्टर पावडरऐवजी एपॉक्सी, जी उन्हाने खडूसारखी पांढरी पडते. ओव्हनमधून निघताना दोन्ही माल सारखेच चकचकीत, आणि खरेदीवाल्याला तेवढंच दिसतं. आमची सगळ्यात मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तिकडे गेली. जाताना आमची बिलं अडकवली, वर माल नापास झाल्याची खोटी रिजेक्शन दाखवून बिलातून पैसे कापणारी डेबिट नोट पाठवली. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006 पासून आहे, पण तक्रार केली की पुढचं काम बंद, हे प्रत्येक जॉबवर्कवाला जाणतो. भाडं थकलं. ओव्हन दिवसाआड पेटायला लागला. गाळा सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा काकांनी न मागता ॲडव्हान्स दिला आणि म्हणाले, "पावसाळा जाऊ दे रे, मग बघू."

पावसाळा संपल्यावर त्याच पार्टीचा क्वालिटीवाला टेम्पोत एक दरवाजा टाकून आला. कडेला ओरखडा होता, त्यातून गंज आत शिरला होता. नख घातलं तर पट्टीच्या पट्टी सुटून हातात आली, खाली फॉस्फेटचा मागमूस नाही. मी आमच्याकडचा जुना नमुना काढला, कोट किती धरलाय ते दाखवायला ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारल्या, टेप लावून झटक्यात ओढली. एक चौकोनही हलला नाही. काम परत आलं. अडकवलेले सगळे पैसे मात्र आजतागायत आलेले नाहीत, आणि ते मी विसरणार नाही.

2023-24 च्या हिशेबापासून आयकरात नियम आलाय : लघुउद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही. आता मार्चअखेर पार्ट्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली, सर्व्हर रॅकची चौकशी वाढली. पण पावडरचा भाव चढला की पार्टी रेट वाढवत नाही, हे दुखणं तसंच आहे.

नव्याने उतरणाऱ्या पोरांनो, माल टांगायचे हूक खरवडा. हुकावर जुना कोट चढला की मालाला अर्थिंग मिळत नाही आणि पावडर धरत नाही. आतल्या कोपऱ्यात पावडर शिरेना तर गनचा केव्ही (व्होल्टेज) वाढवू नका, कमी करा. पावसात कॉम्प्रेसरचं पाणी रोज काढा. आणि भाजताना 200 अंशांवर 10 मिनिटं म्हणजे लोखंडाचं तापमान, ओव्हनच्या काट्याचं नव्हे.

नवी पार्टी आली की मी रेटच्या आधी टाक्या दाखवतो. पावडर कुठली, मायक्रॉन किती, हे चलनावर लिहून देतो. मागच्या गल्लीत जायचं असेल तर खुशाल जा, फक्त तिथूनही एवढंच लिहून घ्या.