खुडूक कोंबडी आणि काळजी केंद्र

जुलै 2021 मध्ये आमच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलं होती, वर्गात एकही नव्हतं. कोरोनामुळं मार्च 2020 पासून कुलूप. तिसरीच्या फळ्यावर तीच जुनी तारीख. अशा शाळेत 23 जुलैला सकाळी माणसं शिरली ती अंथरुणं, भांडी, शेळ्या आणि कागदपत्रांच्या पिशव्या घेऊनच.

आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठावर. वर भुदरगडात पाऊस धरला आणि पाटगावचं धरण भरलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या न सांगता ट्रंका माळ्यावर टाकायला लागतात. त्या दिवशी यमगर्णीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली. 2019 चा महापूर विसरलो नव्हतो, तोवर हा.

कर्नाटकात अशा निवारा केंद्राला पूर्वी गंजी केंद्र म्हणायचे. आता त्याचं नाव काळजी केंद्र. तलाठ्यांनी कन्नड बॅनर आणून फाटकाला बांधायला घेतला, तशी गल्लीतली पोरं पुढं आली. "मराठी शाळेवर कन्नड बोर्ड का?" सीमावाद, 1956 पासूनचा विषय, सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून, आणि सोडवायला निघालेले आमच्या फाटकात, भर पावसात. माझ्या पोटात गोळा आला. तलाठी विजापूरकडचे, मराठी समजतं, बोलताना अडखळतात. ते म्हणाले, "वाचतो, ऐका. काळजी केंद्र." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी त्यांच्यातलाच एक म्हणाला, "हे तर मराठीच आहे की!" कन्नडमध्येही काळजी म्हणजे काळजीच. बॅनर बांधायला दोरी त्याच पोरानं धरली. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, तो काळा बिल्ला लावतो, आजही.

खोल्या वाटायचं काम माझ्याकडं होतं आणि तिथंच मी शहाणपणा केला. तिसरीच्या वर्गात एक जैन कुटुंब होतं. अज्जी सत्तरीपुढच्या, बोलणं सगळं कन्नड. त्याच वर्गात खालच्या गल्लीतली एक चाची आली. डोक्यावर पोतं, पोत्याखाली टोपली, टोपलीत पिंजर घालून बसवलेली खुडूक कोंबडी. खाली अकरा अंडी. "बाई, आज एकोणिसावा दिवस. दोन दिवसांसाठी कुठं सोडू हिला?" दोन दिवसांपूर्वीच बकरीद झालेली, घर मातीचं, पाणी उंबऱ्याला लागलेलं, आणि बाईनं उचललं काय तर ही टोपली.

मी मनातच ठरवून टाकलं, जैन माणसांच्या खोलीत अंडी नकोत, उगीच बोलाचाली व्हायची. कुणाला न विचारता टोपली अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, धान्याच्या खोलीत नेऊन ठेवली. चाची काही बोलली नाही. सरकारी जागेत गरीब माणूस बोलत नाही.

दुपारी अज्जी व्हरांड्यात येऊन मला विचारायला लागल्या, "कोळी यल्लि? कोळी यल्लि?" मी म्हटलं, झालं, वर्गात कोळी निघाला. वर्ष-सव्वा वर्ष बंद खोल्या, निघणारच. केरसुणी घेतली आणि कोपरे झाडायला लागले. चार पोरं माझ्या मदतीला. अज्जी मागून कपाळावर हात मारून घेतायत. तलाठी यादी बाजूला ठेवून इतके हसले की त्यांना मास्क खाली ओढावा लागला. "बाई, कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी!"

मग अज्जी त्यांना भराभर काहीतरी बोलल्या आणि ते हसायचे थांबले. मला म्हणाले, "त्या म्हणतात, आम्हाला घरातून उचलून आणलं, तिलाही आणलं. आता परत कशाला उचलता?"

टोपली परत तिसरीच्या वर्गात आली, खिडकीपासून लांब, अज्जींच्या चटईपासून दोन हातांवर. अज्जींनी आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. पण दिवसातून एकदा कोंबडी दाण्यापाण्याला उठायची तेव्हा पोरांना लांब ठेवायला अज्जीच काठी घेऊन बसायच्या. चाचीला कन्नड येत नव्हतं, अज्जींना मराठी. त्यांचं तासन्‌तास काय चालायचं कोण जाणे. गुडघेदुखीबद्दल असावं, कारण दोघी सारख्या गुडघे दाखवायच्या.

दुसऱ्या दिवशी चाचीनं मला बाजूला घेतलं. "बाई, अज्जी काल उपाशी झोपल्या." आमच्याकडं पहिल्या रात्री भात-आमटी व्हायला साडेआठ झाले होते. चातुर्मास लागलेला, आणि अज्जी दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नाहीत. दोनशे माणसांच्या स्वयंपाकात मला हे सुचलंच नाही. चाचीच्या लक्षात आलं होतं. म्हणाली, "आमचं रोजात याच्या उलटं, एवढंच."

पण चार दिवस सूर्याचं नखही दिसत नव्हतं. दिवस बुडाला हे ओळखायचं कसं? चाचीनं पिशवीतून मशिदीचं नमाजाच्या वेळांचं कार्ड काढलं. मगरिब सातच्या पुढं. त्यात अर्धा तास मागं धरून अज्जींचं ताट वाढायचं ठरलं. स्वयंपाकाच्या बायकांनी ते कार्ड चुलीपुढच्या भिंतीला भाताच्या शितानं चिकटवलं. ते कार्ड अजून तिथं आहे. मी काढू दिलेलं नाही.

रविवारी, 25 ला, पहाटे एका पोरानं मला उठवलं. अंड्यातून आवाज येतोय. वर्गात गेले तर वीस-पंचवीस माणसं टोपलीभोवती, मास्क लावून, श्वास धरून. बोर्डावरून भांडायला आलेला तो पोरगा मोबाइलचा उजेड हातानं झाकून धरत होता, कोंबडी बिथरू नये म्हणून. पहिलं कवच तडकलं, ओलं पिवळं डोकं बाहेर आलं आणि अज्जी म्हणाल्या, "मरी बंतु." पिल्लू आलं. ते मात्र कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही.

दुपारपर्यंत आठ पिल्लं निघाली. तीन अंडी थंड पडली.

त्याच दुपारी चाचीच्या नवऱ्याचा फोन आला. मागची भिंत बसली होती, छप्पर त्यावर. तलाठ्यांनी वहीत लिहिलं, पंचनाम्यात घर नुकसानीच्या ए वर्गात बसेल की बीमध्ये ते बघू. चाची नुसती मान हलवत राहिली. अज्जी तलाठ्यांना काहीतरी म्हणाल्या. आमचा गोठा उंचावर आहे, पाणी आलेलं नाही, भिंत उभी राहीपर्यंत कोंबडी आणि पिल्लं तिथं राहू देत. त्यांच्या मुलानं आईकडं जरा बघितलं. पण बोलला नाही.

पाणी ओसरल्यावर टोपली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. निघण्याआधी अज्जींनी ती तीन थंड अंडी पदरात घेतली, स्वतःच्या हातानं, आणि मैदानाच्या कडेला जांभळीखाली खड्डा करून पुरली. चाची छत्री धरून उभी होती.