पावरीचा मोठा भाऊ

आमचा धंदा पेटी दुरुस्तीचा. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत वडिलांपासूनचं दुकान आहे. श्रावणात भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागते, त्यात एका शाळेचे बँडमास्तर बॅगपाइप घेऊन आले. मी हात जोडले. पण मास्तर फौजेतून निवृत्त झालेले, ते कसले ऐकतात! "15 ऑगस्टला आठवडा उरलाय. भाता म्हणजे भाताच. उघडून तर बघा."

टेबलावर ठेवल्यावर ते प्रकरण मेलेल्या बोकडासारखं दिसत होतं. कातड्याची पिशवी आणि तिला पाच नळ्या. एकीतून फुंकायचं, एक बोटांनी वाजवायची, तिला चँटर म्हणतात. उरलेल्या तीन खांद्यावर टेकतात आणि एकच सूर धरून बसतात. त्यांचं नाव ड्रोन. (आमच्याकडे ड्रोन म्हटलं की आता कपाशीवर फवारणी आठवते.)

चार तोंडांना बुचं मारून पिशवी फुगवली. कातडं ठीक होतं, पण तोंड काढलं की वारा फुंकणीतून उलटा येई. तिच्या आतल्या टोकाला चामड्याचा पडदा असतो. वारा आत जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. पेटीच्या भात्यालाही हेच असतं! तो पडदा वाळून वाकडा झाला होता. पेटीसाठी आणलेल्या बकरीच्या मऊ कातड्याचा नवा कापून बसवला. सांध्यांचा जुना दोरा काढून मेण लावलेला गुंडाळला.

हात चालू असताना मास्तरांचं तोंडही चालू होतं. हे वाद्य स्कॉटलंडचं, हे त्यांना मुळीच मान्य नाही. राजस्थानात भैरवाचे भोपे मशक वाजवतात, गढवालात वरातीपुढे मशकबीन असते. "आणि तो नीरो! रोम जळताना फिडल वाजवत होता म्हणतात. तेव्हा फिडल होतं कुठे?" हे नंतर मी पडताळून पाहिलं. नीरोने बॅगपाइप वाजवण्याचा नवस बोलला होता, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने खरंच लिहून ठेवलंय. स्कॉटलंडमधला तिसरा, लांब ड्रोन तर 1700 च्या आसपासचा.

तो तिसराच अडून बसला. बाकीचे दोन ड्रोन चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली बोलत होते. पेटीवर ताडून पाहिलं, षड्ज काळी पाचच्या थोडा वर निघाला. मास्तर म्हणाले, हे असंच असतं. पण खर्जाचा मोठा ड्रोन, पिशवी जरा दाबली की घुसमटून गप्प. आत बोरूची नळी, तिलाच चिरून काढलेली जिभली. तीनदा पुसली, तीनदा बसवली. काही नाही.

साक्री तालुक्यातले एक आबा गावच्या मंडळाची पेटी न्यायला नातवाबरोबर आले होते. तासभर कोपऱ्यात गप्प बसून बघत होते. उठले, ती जिभली हातात घेतली, उजेडात धरली.

"आमनी पावरीना मोठा भाऊ शे हाऊ."

पावरी म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या वेळूच्या नळ्या आणि टोकाला शिंग. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्रभर वाजते. आबांनी टोपी काढली, डोक्यातला एक पांढरा केस उपटला आणि जिभलीच्या मुळाशी, खालून सरकवला. जिभली केसाएवढी उचलली गेली. बसवून पिशवी दाबली आणि खर्ज असा लागला की काचेच्या कपाटातले स्क्रू थरथरले.

केसाने गळा कापतात हे ऐकलं होतं. मोकळा झालेला पहिल्यांदा पाहिला.

मास्तर थक्क झाले. म्हणाले, पलटणीतले जुने पाइपरही हीच युक्ती करायचे. मग ड्रोनचे सांधे खाली-वर सरकवून त्यांनी सूर जुळवला. तंबोऱ्याच्या तारा एक झाल्या की त्यातली थरथर विरते ना, तसंच झालं.

आबांना वाजवायची इच्छा झाली. मास्तरांनी पिशवी त्यांच्या काखेत दिली. आता गंमत अशी, की पावरीवाला नाकाने श्वास घेत असताना गालातला वारा सोडत राहतो. त्याचा सूर तुटतच नाही. पिशवी नेमकी याच कामासाठी आहे, पण आबांना कोण सांगणार! ते सवयीने फुंकत राहिले, पिशवी टम्म झाली, चँटर किंचाळायला लागला. मास्तर ओरडले, "आबा, दम घ्या, वारा काखेने दाबा!"

आबांनी तोंड काढलं. पिशवीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मंग गाल कसाले शेतस?"

मास्तरांना बिल दिलं. पडद्याचं कातडं, मेणाचा दोरा, मजुरी. केसाचे पैसे लावले नाहीत.