बँकॉकच्या दमट हवेत पळताना

पुण्यात मी 10 किलोमीटर, दर किलोमीटरला 6 मिनिटांच्या पेसने गप्पा मारत पळतो. बँकॉकमध्ये तोच पेस धरला की तिसऱ्याच किलोमीटरला हार्ट रेट 165 च्या वर जातो आणि खाली यायचं नाव घेत नाही. याचं कारण नुसतं तापमान नाही, दवबिंदू आहे, म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान; वाफ जास्त तितका तो वर. पुण्यात 35 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 15 च्या आसपास येतो. बँकॉकला पहाटे 27 अंश आणि 90 टक्के असतील तर तो 25 वर जातो. हवेत आधीच एवढी वाफ असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि न वाळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. मग रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून हवामानाच्या ॲपवर आर्द्रतेचे टक्के सोडून दवबिंदू बघावा. 24 च्या पुढे मी घड्याळावरचा पेस लपवूनच ठेवतो आणि हार्ट रेट 145 च्या आत राखतो, मग पेस 7:15 झाला तरी चालेल.

शरीर या हवेला रुळायला 10 ते 14 दिवस घेतं. पहिले तीन दिवस 30 मिनिटं, चौथ्यापासून 45, दहाव्या दिवसानंतरच तासाभराच्या पुढे. रुळल्याची खूण म्हणजे घाम लवकर सुटायला लागतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी होतात. पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं किंवा डोकं गरगरलं तर तिथेच थांबायचं, सावलीत बसून मानेवर आणि काखेत पाणी ओतायचं. तो रन तिथेच संपला.

पळायला लुंफिनी पार्क सगळ्यात सोयीचं: साधारण अडीच किलोमीटरचा फेरा, झाडांची सावली, आणि सिलोम किंवा लुंफिनी मेट्रो स्टेशनावरून चालत पाच मिनिटं. (नाव बुद्धाच्या जन्मस्थानावरून, लुंबिनीवरून आलंय.) तळ्याकाठच्या मोठाल्या घोरपडी कधीकधी ट्रॅक ओलांडतात; पुरुषभर लांबीची एखादी समोर आली तर थांबून वाट द्यावी. आपण वाटेत नसलो की त्या आपल्या वाटेला जात नाहीत. बेंजाकिती पार्कातला तळ्याभोवतीचा फेरा जवळपास 2 किलोमीटर, पण तिथे ऊन लवकर अंगावर येतं. रस्त्यावर पळायच्या फंदात पडू नये: फुटपाथ तुटके, गल्ल्यांत भटकी कुत्री.

वेळ पहाटे 5 ची. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असल्याने पहिल्या दिवशी शरीराला ते साडेतीनच वाटतात, तेव्हा आदल्या रात्री लवकर झोपावं. संध्याकाळी पळणार असाल तर लक्षात ठेवा, 6 वाजता राष्ट्रगीत लागतं आणि पार्कातला प्रत्येक माणूस जागच्या जागी उभा राहतो. आपणही राहायचंच. पण जोरात पळताना एकदम थांबलं की रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. म्हणून दोन-तीन मिनिटं आधी वेग उतरवावा, आणि उभं असताना पोटऱ्या हलकेच आवळत राहावं.

पाण्याचा हिशोब वजनकाट्यावर होतो. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. तासाभरात 1.2 किलो घटलं आणि वाटेत 300 मिली प्यायलात, तर घाम दीड लिटर गेला. तो सगळा पळतानाच भरून काढायला जाऊ नये. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ सुरू होते, प्रसंगी त्याहून वाईट. तासाला 500 मिली पुरे, बाकीचं नंतर सावकाश. मी ओआरएसची पाकिटं घरूनच नेतो, एक पाकीट एक लिटरला. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाकावं.

सगळ्यात जास्त त्रास बुटांचा. पाऊस नसला तरी घाम पायांवरून ओघळून मोज्यांत उतरतो, पाचव्या किलोमीटरला बूट पचपचायला लागतात आणि मऊ पडलेल्या कातडीला फोड येतात. टाचा, बोटांच्या बेचक्या आणि मांड्या व्हॅसलिनने माखून निघावं, सुती मोजे घालूच नयेत. परत आल्यावर इनसोल बाहेर काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, आणि बूट एसीच्या झोताखाली ठेवायचे. बाल्कनीत ठेवले तर दुसऱ्या दिवशीही ओलेच मिळतात. रोज पळणार असाल तर दोन जोड न्या.