घशात हाड अडकलंय, मॅडम

ऊसतोडीचे दिवस होते. दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला दादा वाघ्याला छोट्या टेम्पोत घालून घेऊन आले. "मॅडम, याच्या घशात हाड अडकलंय. कालपासून खात नाही, नुसती लाळ गाळतोय."

मी हातमोजे चढवले, चिमटा घेतला, वाकले आणि तिथंच थांबले.

हाड अडकलेलं कुत्रं स्वस्थ बसत नाही. पंजानं तोंड ओरबाडतं, मान ताणतं, पुन्हा पुन्हा गिळायचा प्रयत्न करतं. वाघ्या यातलं काहीच करत नव्हता. खालचा जबडा लोंबत होता. जीभ बाहेर, वाळून तपकिरी पडलेली, तिच्यावर माती आणि कडब्याचे तुकडे चिकटलेले. लाळेची तार छातीपर्यंत आली होती.

"भुंकतो का?"

"आवाज बसलाय. रात्री लांब रडल्यासारखं ओरडत होता."

"पाणी?"

"भांड्यात तोंड घालतो, पण आत काही जात नाही."

दीड महिन्यापूर्वी वस्तीवर आलेल्या एका मोकाट कुत्र्याशी त्याची झुंज झाली होती. मानेवरची जखम भरली, म्हणून सगळे विसरले. लस? पिल्लू असताना एकदा दिलेली.

मी चिमटा खाली ठेवला. "हाड बघायला तोंडात हात कुणी घातला?"

दादांनी उजवा हात पुढं केला. उसाच्या पात्यांनी कापलेले बारीक चरे बोटाबोटांवर होते. त्यांच्या आईनं सकाळी भाताचा गोळाही हातानंच भरवला होता.

"पण आमचा वाघ्या पिसाळलेला नाही. कुणाला चावला पण नाही."

हेच समजावणं सगळ्यात अवघड असतं. मुक्या रेबीजमध्ये कुत्रं अंगावर येत नाही. जबड्याच्या, घशाच्या नसा लुळ्या पडतात, लाळ गिळता येत नाही आणि विषाणू त्या लाळेतच असतो. चरा पडलेल्या कातडीला ती लागली तरी पुरे. दादांना नळाखाली उभं केलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावले. आईंना फोन करून तेच सांगितलं. संध्याकाळच्या आत दोघं मायलेक सरकारी रुग्णालयात पोचले. सीरम आणि लसीचा पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. माझी आधीची लस पूर्ण होती, तरी दोन डोस मीही घेतले.

वाघ्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मेंदूच्या नमुन्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला.

शेवटचा डोस झाल्यावर दादा कार्ड दाखवायला आले. बराच वेळ दाराशी घुटमळले.

"मॅडम, तो भांड्याजवळ सारखा जायचा. त्याला तहान लागली असेल ना?"

"हो," मी म्हणाले.