मधल्या भुकेची वही

बुधवार, रात्री उशिरा

परवा पहाटे निघायचंय आणि मी कपड्यांच्या बॅगा भरायच्या सोडून गेल्या सहलीची बिलं घेऊन बसलेय. कधीतरी हिशेब लावू म्हणून एका पाकिटात कोंबून ठेवली होती. सहा दिवस, पाच माणसं, ४१ बिलं. टेबलावर तीन ढीग केले. बसून जेवलो ती एकीकडे, पाणी आणि थंड पेयांची दुसरीकडे, उरलेली तिसरीकडे. तिसरा ढीग सगळ्यात उंच निघाला.

जेवणाच्या बिलांकडे बघितलं की ते जेवण आठवत होतं, कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं इथपर्यंत. तिसऱ्या ढिगातलं मात्र काही म्हणजे काही आठवेना. पेट्रोल पंपावर घेतलेले वेफर्स असतील, तिकिटाच्या रांगेत धाकट्याने भोकाड पसरून मिळवलेलं काहीतरी असेल, दुपारी चार वाजता 'चला, थोडंसंच' म्हणत सगळ्यांनी खाल्लेलं असेल. त्या 'थोडंसंच'मध्ये आमचे पैसे गेले होते.

म्हणून यावेळी ठरवलंय, दिवसातून एकदा बाहेर नीट बसून, हवं ते मागवून जेवायचं. त्यात काटकसर नाही. बाकी सगळी भूक पिशवीतून भागवायची.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "परत भात नको म्हणजे झालं."

त्या भाताची गोष्ट आमच्या घरात अजून संपलेली नाही. काही वर्षांपूर्वी मी दोन्ही वेळचं जेवण घरून न्यायचा पराक्रम केला होता. रात्री भात केला, झाकून ओट्यावरच ठेवला, पहाटे गरम करून डब्यात भरला आणि दुपारी उन्हात तापलेल्या गाडीतून काढून वाढला. चार वाजायच्या आत नवरा आणि थोरली, दोघांनाही उलट्या. डॉक्टर, औषधं आणि खोलीचा एक जादा दिवस. वाचवलेलं सगळं गेलंच, वर पदरचंही गेलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवतानाच्या उष्णतेला दाद देत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मी तर 'डब्यात गरमच भरलाय' म्हणून निर्धास्त होते! शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, एवढं तेव्हापासून पाठ आहे. आमच्या पिशवीतून भात कायमचा हद्दपार झाला.

गुरुवार

सकाळी पाण्याच्या चार बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या टाकल्या. पाऊणच भरल्या, कारण पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली तडकते. (हे पुस्तकातून नाही, फ्रीजर पुसताना शिकले.) या बाटल्या बर्फाच्याही कामाला येतात आणि वितळल्या की प्यायच्याही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं, म्हणून नुसत्या गार पाण्याची बाटली ठेवून भागत नाही, बर्फच लागतो. आणि बाटल्या पिशवीत तळाशी नाही, वर ठेवायच्या. गार हवा खाली उतरते.

ही पिशवी नवी आहे, आतून चंदेरी अस्तराची. सोबत घट्ट झाकणाचे पाच डबेही घेतले. बचतीसाठी केलेली ही खरेदी मी हिशेबाच्या वहीत अजून लिहिलेली नाही. लिहीन.

दुपारपासून सँडविचची तयारी. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लोणी ब्रेडच्या मधोमध फासून उपयोग नाही, ते कडेपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात जायला हवं. लोण्याचा थर असला की काकडीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. सुरीचं पातं आडवं धरून, भिंतीला लांबी भरावी तसं भरायचं. टोमॅटो मात्र कितीही लोणी लावलं तरी दगा देतो, म्हणून तो अख्खाच न्यायचा आणि तिथे कापायचा. अंडी उकडून सालासकट ठेवली. सोललेलं अंडं डब्यात सगळ्याला वास लावतं. तीही पहिल्याच टप्प्यात संपवायची, गारव्याबाहेर दोन तासांच्या वर ठेवायची नाहीत. केळी आणि सफरचंदं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याच्या संगतीत केळी लवकर काळी पडतात.

सासूबाईंचा डबा वेगळा भरला. त्यांना शुगर आहे, गोळी वेळेवर आणि तिच्यामागोमाग खाणंही वेळेवर. त्यांच्या बाबतीत पैशांचा प्रश्नच नाही. रस्त्यात वाहतूक कोंडीत अडकलो आणि हाताशी काही नसलं तर काय, ही धास्ती मला एकदा पुरली आहे.

यावेळी आम्ही गाडीने जातोय म्हणून हे सगळं जमतंय. दोन वर्षांपूर्वी विमानाने गेलो तेव्हा पीनट बटरची अख्खी बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेतली. मी तावातावाने सांगत होते की हे द्रव नाही, खायचं आहे. पण जे पसरतं, ओतता येतं किंवा चमच्याने घ्यावं लागतं, ते सगळं त्यांच्या लेखी द्रवच. २००६ साली ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर ती १०० मिलिलिटरची मर्यादा आली. दही, जॅम, मऊ चीज सगळं त्यात येतं. तीच बरणी ब्रेडवर फासून सँडविच करून नेली असती तर बिनबोभाट गेली असती.

आणि सीमा ओलांडून जायचं असेल तर उतरायच्या आधी पिशवी रिकामी केलेली बरी. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर फळांच्या बाबतीत फारच कडक. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये टाकून तसंच बाहेर पडलात तरी दंड होऊ शकतो. सोबत काय आहे ते फॉर्मवर खरं खरं लिहायचं, फार तर टाकून द्यायला लावतात.

शुक्रवार, प्रवास

पहाटे पाचला निघालो. पाच चाळीसला मागून पहिली हाक आली, "आई, काहीतरी दे ना."

चाळीस मिनिटांत भूक लागत नाही, कंटाळा येतो. तो बाहेर दुकानातूनही भागवता येतो आणि पिशवीतूनही. फरक एवढाच की पिशवी मांडीवर असेल तर मला दर वीस मिनिटांनी कुणाच्या तरी हातात काहीतरी द्यावं लागतं. मागच्या सहलींत मी अख्खा प्रवास मान मागे वळवून केलाय. यावेळी दोघांना आदल्या रात्री रिकामे डबे दिले आणि आपापले भरायला लावले. भूक लागेल तेव्हा खा, संपलं की संपलं.

धाकट्याने साडेआठपर्यंत डबा चाटूनपुसून संपवला. थोरलीने बदाम मोजून आणले होते, २४. दर तासाला दोन खायचे असं तिने ठरवलेलं. नवाला धाकटा तिच्याशी बोलणी करायला लागला. एका बदामाच्या बदल्यात खिडकी, दोनांच्या बदल्यात परतीच्या प्रवासातली खिडकी. मी कानात तेल घालून ऐकत होते आणि मागे वळले नाही.

घाट लागला आणि वर वर जाताना वेफर्सची पाकिटं उशीसारखी टम्म फुगली. धाकट्याला वाटलं खराब झाली. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते, असं त्याच्या बाबाने समजावलं. त्याने ऐकून घेतलं, पण पाकीट आजीकडूनच फोडून घेतलं.

एका वळणावर झाडाखाली थांबून सँडविच खाल्ली. शेजारी दुसरी मोठी गाडी येऊन थांबली तेव्हा मी नकळत डब्याचं झाकण अर्धं ओढलं. सासूबाईंनी ते पाहिलं. "स्वतःचं खातोय, चोरून का खायचं?" असं म्हणून त्यांनी झाकणच काढून बाजूला ठेवलं.

शनिवार

खोलीत किटली आहे, पण झाकण उघडल्यावर मसाल्याचा वास आला. आधीच्या कुणीतरी तिच्यात नूडल्स शिजवल्या असणार. दोनदा पाणी उकळून फेकलं, मग ओट्स भिजवले. नेहमीच्या वेळेत मऊ झालेच नाहीत. हे गाव २,१०० मीटर उंचावर, इथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. बुडबुडे तेच, पण तेवढं गरम नाही. दहा मिनिटं झाकून ठेवल्यावर बरे झाले.

नंतर खाली उतरलो तर कळलं, नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरलेला होता. आरक्षणाच्या कागदावर तसं लिहिलंयही, मीच वाचलं नव्हतं. म्हणजे फुकटचा नाश्ता सोडून आम्ही विकतचे ओट्स खाल्ले. नवरा काही बोलला नाही. त्याने फक्त जाऊन दोन ताटल्या भरून आणल्या.

दुपारी एका बागेच्या फाटकावर पिशवी अडवली. बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई. आत दुप्पट-तिप्पट दराची दुकानं, आणि पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही! सासूबाईंच्या गोळ्यांचं सांगितल्यावर त्यांचा एक डबा तेवढा सोडला. बाकीच्यांनी परत गाडीपाशी येऊन डिकी उघडून, उभ्या उभ्या केळी आणि चीज खाल्लं, मग आत गेलो. राग आला, अजूनही आहे. पण जायच्या आधी एक फोन करून विचारता आलं असतं, हेही खरं.

रविवार

काल रात्री भांडण झालं. सिंकशी उभी राहून मी डबे धूत होते. भांड्यांचा साबण घरी राहिलाय, म्हणून शाम्पूने. फेस काही केल्या जाईना. नवरा दारात येऊन म्हणाला, "आपण पैसे वाचवतोय की तू सुट्टी घालवतेयस?"

मी म्हटलं, "मग ये आणि धू."

तो आला आणि त्याने धुतले. पण त्याचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. हिशेबाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं? गुरुवारी माझा अख्खा दिवस ओट्याशी गेला. तो बचतीतून वजा करायचा ठरवलं तर मग काय उरतं, कुणास ठाऊक.

आज सकाळी वेगळंच केलं. गावातल्या दुकानातून ताजा ब्रेड, काकड्या आणि दही घेतलं आणि तळ्याच्या काठावर बसून खाल्लं. घरून आणलेलं म्हणजे एक सुरी, पाच चमचे, मिठाची डबी, एक जुना टॉवेल. तयारीला दहा मिनिटं लागली, धुवायला सुरी आणि चमचे. घरून पदार्थ वाहून आणण्यापेक्षा खायची साधनं आणावीत, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी का सांगितलं नाही? काकडी आजींनी कापली, मुलांनी टॉवेल झटकला. मी पाय पाण्यात सोडून बसले होते.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे बसून जेवलो. दोन तास. गोडही मागवलं.

मंगळवार, घरी

बिलं १७. तिसऱ्या ढिगात फक्त चार, त्यांतली दोन आइस्क्रीमची, आणि ती कुठे, कुणाबरोबर खाल्ली ते मला नीट आठवतंय. पिशवी आणि डब्यांची किंमत वहीत लिहिली. ती धरूनही शिल्लक आहे, मला वाटली होती तेवढी नाही. नवरा म्हणाला पुढच्या वेळी पिशवी तो भरणार. त्याने कागदावर यादीही केली, त्यात पहिलं 'भांड्यांचा साबण' आणि दुसरं 'नाश्ता भाड्यात आहे का ते बघणे'.

रात्री पिशवी झटकून उद्या उन्हात टाकायला काढली. थोरलीचा डबा तळाशी राहिला होता, त्यात तीन बदाम. सोबत एक कागदाचा चिटोरा, पण पाण्याने शाई पसरलेली, वाचता येईना. मी चिटोरा टाकला आणि उभ्या उभ्या बदाम खाल्ले.

आत्ता ती विचारत आलीय, परतीच्या खिडकीचे तीन बदाम धाकट्याला द्यायचे राहिलेत, डबा कुठे आहे?